भाजलेलं लाकूड: गिटार-व्हायोलिनच्या लाकडाचं भट्टीत नेमकं काय होतं

माझ्याकडे स्प्रूसच्या (थंड प्रदेशातलं सूचिपर्णी झाड) दोन पट्ट्या आहेत, एकाच फळीतून कापलेल्या. एक भट्टीतून काढलेली, दुसरी आहे तशीच. साधी पट्टी पिवळसर पांढरी आहे आणि भाजलेली मधाच्या रंगाची, म्हणजे पन्नास-साठ वर्षं जुन्या गिटारचा टॉप, म्हणजे समोरची पातळ फळी, कसा दिसतो तशी. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाकला की साध्या पट्टीवरचा थेंब थोड्या वेळात बसतो, पसरतो आणि लाकडात जिरून तिथे ओला डाग दिसायला लागतो, पण भाजलेल्या पट्टीवरचा थेंब बराच वेळ मोत्यासारखा तसाच उभा राहतो आणि पट्टी तिरकी केली की घरंगळून जातो. लाकूड तेच, झाडही तेच, मग पाण्याशी असलेलं नातं एवढं कसं बदललं? हे एकदा डोक्यात बसलं ना की भाजलेल्या लाकडाबद्दलच्या बाकीच्या गोष्टी, आवाज, टिकाऊपणा, ठिसूळपणा, गोंद न धरणं, सगळं आपोआप उलगडत जातं.

गिटारच्या माहितीत 'टॉरिफाइड टॉप', 'रोस्टेड मेपल नेक', 'थर्मली एज्ड', 'बेक्ड' असं काय काय लिहिलेलं असतं. यामाहा तिच्या पद्धतीला ए.आर.ई. म्हणते, मार्टिन या गिटार कंपनीचं नाव व्हीटीएस, प्रत्येकाची रेसिपी थोडी वेगळी आहे, पण मूळ काम एकच, की लाकूड बंद भट्टीत, ऑक्सिजन जवळपास नसताना, बऱ्यापैकी वरच्या तापमानाला काही तास तापवायचं. टॉरिफाय हा शब्द फ्रेंचमधून आलाय आणि तिकडे तो कॉफीच्या बिया भाजण्यासाठी वापरतात, त्यामुळे 'भाजणं' हा आपला शब्द इथे अगदी चपखल बसतो, मी तोच वापरणार आहे.

आता पहिला गोंधळ इथेच होतो. बऱ्याच जणांना वाटतं की भाजणं म्हणजे लाकूड जरा जास्त कडकडीत वाळवणं. तसं नाहीये. वाद्याच्या लाकडाला आयुष्यात तीन वेगवेगळ्या प्रकारची उष्णता लागू शकते आणि तिन्हींचं काम वेगळं आहे. पहिली म्हणजे किल्न, वाळवण्याची भट्टी, साधारण ५० ते ८० डिग्री सेल्सियस. त्यात फक्त पाणी निघतं, लाकूड ६-८ टक्के ओलाव्यावर येतं, पण ते लाकूड रासायनिकदृष्ट्या जवळपास तेच राहतं आणि दमट हवेत ठेवलं की गेलेलं पाणी परत ओढून घेतं. दुसरी म्हणजे वाकवण्याची उष्णता. गिटारच्या बाजूची पट्टी जेमतेम २ मिमी जाड असते, ती ओलसर करून तापलेल्या पाइपवर दाबली की आतलं लिग्निन मऊ पडतं, पट्टी वळते आणि गार झाल्यावर तोच आकार धरून बसते. सगळा खेळ काही मिनिटांचा. तिसरी उष्णता म्हणजे आपली भाजण्याची. ती साधारण १५० डिग्रीच्या पुढे सुरू होते, तासनतास चालते, आणि तिच्यात लाकडाचा एक घटकच तुटतो. वाळवताना पाणी जातं. भाजताना पाणी धरून ठेवणारी जागाच जाते. सगळ्या विषयाची किल्ली ती हीच.

ही जागा कुठली, हे कळायला लाकडाच्या आत थोडं डोकवायला लागेल. लाकडाच्या पेशीची भिंत मुख्यतः तीन गोष्टींची असते: सेल्युलोज साधारण ४० ते ४५ टक्के, हेमीसेल्युलोज २५ ते ३० टक्के आणि लिग्निनही त्याच्याच आसपास. आरसीसीचा स्लॅब डोळ्यासमोर आणा. सेल्युलोज म्हणजे लोखंडी सळया, लांब, ताठ, ताण सहन करणाऱ्या. लिग्निन म्हणजे त्यांच्याभोवती ओतलेलं काँक्रीट. आणि हेमीसेल्युलोज म्हणजे सळया जागेवर धरायला जी बारीक तार गुंडाळतात ना, ती तार. फरक इतकाच की लाकडातली ही तार पाण्याची प्रचंड भुकेली असते. तिच्या साखळीवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणजे पाण्याचे रेणू अडकवायच्या खुंट्याच म्हणा. सेल्युलोजलाही त्या असतात, पण त्याच्या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की बऱ्याचशा खुंट्या आतल्या आत गुंतलेल्या राहतात, पाण्याला मोकळ्या सापडत नाहीत. हेमीसेल्युलोज मात्र आखूड, फांद्या फुटलेलं, विस्कळीत, त्यामुळे त्याच्या खुंट्या उघड्या असतात. हवेतला ओलावा वाढला की पाणी तिथे जाऊन बसतं, भिंत फुगते, लाकूड रुंदीला वाढतं, आणि हवा कोरडी झाली की उलटं.

आता उष्णता दिली की या तिघांमध्ये सगळ्यात आधी हार मानतं ते हेमीसेल्युलोज. त्याच्यावर ॲसिटिल नावाचे गट चिकटलेले असतात, ते सुटतात आणि त्यातून ॲसिटिक ॲसिड तयार होतं, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. आणि हे आम्ल तिथेच थांबून आणखी हेमीसेल्युलोज तोडायला मदत करतं, म्हणजे प्रक्रिया स्वतःच स्वतःला ढकलत पुढे जाते. तुटलेल्या साखरेसारख्या तुकड्यांपासून फरफुरल वगैरे संयुगं बनतात, त्यामुळे भाजलेल्या लाकडाला तो आंबट-गोड, जळक्या साखरेसारखा वास येतो, आणि रंग तपकिरी होण्यामागेही हाच उद्योग आहे. रंग नुसता वरून येत नाही, फळी मधून कापली तरी आतपर्यंत सारखाच असतो, रंग लावलेल्या लाकडापासून हे ओळखायची ती सगळ्यात सोपी खूण. स्प्रूससारख्या लाकडातली राळही या तापमानाला बरीच उडून जाते, उरते ती कडक होते.

मेपलसारख्या पानझडी लाकडात हे ॲसिटिल गट स्प्रूसपेक्षा जास्त असतात, त्यामुळे आम्ल जास्त सुटतं आणि तेवढाच बदल कमी तापमानाला होतो. म्हणून सगळ्या लाकडांना एकच आकडा लावून चालत नाही. स्प्रूसला जे तापमान नीट मानवतं ते मेपलला करपवू शकतं.

प्रत्यक्ष भट्टीत काय होतं ते बघू. बांधकामाच्या लाकडासाठी फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात जी थर्मोवुड पद्धत बसवली गेली, तिचे टप्पे चांगले नोंदवलेले आहेत. आधी तापमान भराभर १०० डिग्रीपर्यंत नेतात, मग हळूहळू १३० पर्यंत, आणि तिथे लाकडातला ओलावा जवळजवळ शून्यावर आणतात. हा टप्पा सगळ्यात नाजूक, घाई केली तर आतलं पाणी वाट काढताना फळी फाडून टाकतं. मग १८५ ते २१५ डिग्रीला दोन-तीन तास, हा खरा भाजण्याचा भाग. या सगळ्या वेळात भट्टीत वाफ भरलेली असते, ती हवा बाहेर ढकलते, म्हणजे ऑक्सिजन लाकडापर्यंत पोचत नाही आणि लाकूड पेट घेत नाही. आणि शेवटी पाण्याचा फवारा मारून तापमान ८० ते ९० डिग्रीपर्यंत उतरवतात आणि लाकडाला थोडा ओलावा परत पाजतात, ४ ते ७ टक्के, कारण हाडासारखं कोरडं लाकूड रंध्याखाली आणि करवतीखाली धड वागत नाही. वाफेऐवजी कोणी नायट्रोजन वापरतं, कोणी व्हॅक्यूम, कोणी गरम तेल. तेल वाद्याच्या टॉपसाठी बाद, ते लाकडात शिरून वजन वाढवतं आणि आपल्याला हवं असतं नेमकं उलटं. वाद्याचं लाकूड साधारणपणे डेकच्या, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्याच्या, फळ्यांपेक्षा हलकंच भाजतात, कारण डेकवाल्यांना ते बाहेर पावसात कुजू द्यायचं नसतं आणि आपल्याला ते वाजवायचं असतं.

ही कल्पना नवी नाही. १९४६ मध्ये अमेरिकेत ॲल्फ्रेड स्टॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वितळलेल्या धातूच्या कुंडात लाकूड बुडवून तापवलं होतं, म्हणजे हवेचा संबंधच नको, आणि त्यांना दिसलं की लाकडाचं फुगणं-आकसणं चांगलंच कमी होतं. पण लाकूड कमकुवत आणि ठिसूळही झालं, आणि ते प्रकरण बाजारात फार पुढे गेलं नाही. वाद्यांच्या दुनियेत भाजलेल्या लाकडाचं नाव मोठ्या प्रमाणावर झालं ते २०१० नंतर, आणि त्यात एक धक्का कायद्याचाही होता. २०११ मध्ये लेसी ॲक्टखाली (बेकायदा लाकडाच्या व्यापाराविरुद्धचा अमेरिकी कायदा) गिब्सन या गिटार कंपनीच्या कारखान्यांवर अमेरिकी सरकारचे छापे पडले, परदेशी फिंगरबोर्डच्या (नेकवरची, बोटं दाबायची पट्टी) लाकडाचा वाद होता, आणि त्यानंतर काही काळ त्यांच्या कित्येक गिटारवर रोझवूडच्या जागी भाजलेल्या मेपलचे फिंगरबोर्ड दिसले. मेपल मुळात पांढरंफटक, भाजल्यावर गडद तपकिरी, त्यामुळे दिसायलाही जमून गेलं.

आता आवाजाकडे येऊ, कारण लोकांना खरं कुतूहल त्याचंच असतं.

टॉपचं काम काय, तर तारेची थरथर घ्यायची आणि हवेत फेकायची. त्यासाठी लाकूड ताठ हवं आणि हलकंही हवं. लाकडातून आवाज किती वेगाने जातो हे याच दोन गोष्टींवर ठरतं: ताठपणा भागिले घनता, आणि त्याचं वर्गमूळ. चांगल्या स्प्रूसमध्ये रेषांच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, दिशेने हा वेग सेकंदाला ५००० मीटरच्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ स्टीलमध्ये असतो तेवढा, आणि स्टील त्याच्या अठरापट जड! स्प्रूस वाद्यांमध्ये शतकानुशतकं का टिकून आहे ते एवढ्यावरून कळावं. आता एक हिशोब करू. समजा ताठपणा ११ गिगापास्कल आणि घनता घनमीटरला ४३० किलो, तर वेग येतो ५०५८ मीटर. भाजताना लाकडाचं वस्तुमान थोडं घटतं, समजा ४ टक्के घटलं आणि ताठपणा तेवढाच राहिला, तर वेग होतो साधारण ५१६०, म्हणजे २ टक्के वाढ. टॉप किती जोरात आवाज बाहेर फेकेल याचा अंदाज घ्यायला या वेगाला परत घनतेने भागतात, तो आकडा ११.८ वरून १२.५ वर जातो, ६ टक्के वाढ. फायदा खरा आहे. पण ६ टक्के म्हणजे ६ टक्के, चमत्कार नाही.

दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, तो डॅम्पिंगचा, म्हणजे थरथर लाकडातच विरून जाण्याचा. लाकूड बोटाने ठोकून बघा, एक फळी 'टण्ण' करून थोडा वेळ गुणगुणत राहते, दुसरी 'टक' करून गप्प. दुसरीने तुमच्या ठोक्याची ऊर्जा आतल्या आत घर्षणात संपवली. या घर्षणात पाण्याचा मोठा हात असतो, कारण साखळ्यांच्या मध्ये बसलेले पाण्याचे रेणू वंगणासारखे काम करतात, साखळ्या एकमेकींवर सरकतात आणि त्या सरकण्यात थरथर विरून जाते. दमट हवेत गिटार मंद आणि झाकोळल्यासारखी वाजते ती यामुळेच. भाजलेल्या लाकडात मुळात पाणीच कमी बसतं. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत साधं लाकूड १२ टक्क्यांच्या आसपास पाणी धरतं आणि चांगलं भाजलेलं लाकूड त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे हवा दमट असली तरी हे लाकूड कोरड्या दिवसासारखं वागतं. भाजलेला टॉप 'मोकळा' वाजतो, स्वर लवकर फुटतो, असं जे वाजवणारे म्हणतात त्याच्या मागे मला वाटतं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

पण एक गोष्ट जाहिरातीत कधी लिहिलेली नसते. पातळ पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनावर जातो, जाडी ५ टक्क्यांनी कमी केली तर ताठपणा १४ टक्क्यांनी घटतो. टॉप २.८ मिमीचा असेल तर ५ टक्के म्हणजे ०.१४ मिमी, रंध्याचे दोन-चार हात. म्हणजे वाद्य बनवणाऱ्याच्या हातातला हा एवढासा फरक भट्टीतल्या सगळ्या फरकाला सहज झाकून टाकू शकतो. चांगला कारागीर म्हणूनच भाजलेला टॉप घेतला तरी प्रत्येक फळी हातात धरून वाकवून बघतो, ठोकून ऐकतो आणि मग जाडी ठरवतो, 'भाजलंय म्हणजे झालं' असं धरून चालत नाही. वाईट फळी भाजली की ती वाईट भाजलेली फळी होते.

'शंभर वर्षांचं जुनं लाकूड काही तासांत' हे वाक्य खूप चालतं, आणि त्यात थोडं तथ्य आहे. लाकूड नुसतं पडून राहिलं तरी हेमीसेल्युलोज हळूहळू तुटतच असतं. २०१७ मध्ये तैवानच्या संशोधकांनी स्त्रादिवारीच्या (१६४४ ते १७३७) वाद्यांमधल्या मेपलचे बारीक नमुने तपासले, तेव्हा त्यातलं जवळपास एक तृतीयांश हेमीसेल्युलोज तुटलेलं होतं आणि ते लाकूड आजच्या मेपलपेक्षा साधारण पाव हिस्सा कमी पाणी धरत होतं. म्हणजे दिशा तीच. पण तीनशे वर्षं खोलीच्या तापमानाला संथपणे होणारा बदल आणि भट्टीतल्या तीन तासांत आम्लाच्या जोरावर होणारा बदल तंतोतंत एक नाही. त्यातही त्या मेपलमध्ये ॲल्युमिनियम, तांबं, जस्त वगैरे खनिजंही सापडली, म्हणजे त्या लाकडावर त्या काळी काहीतरी रासायनिक प्रक्रिया झालेली असणार. नुसत्या वयाने सगळा हिशोब लागत नाही.

शिवाय जुनं म्हणजे चांगलं हे तरी कुठे पक्कं आहे? २०१० मध्ये इंडियानापोलिसला २१ वादकांना काळे चष्मे घालून सहा व्हायोलिन वाजवायला दिली होती, तीन जुनी नामवंत आणि तीन नवी. २०१२ मध्ये पॅरिसजवळ दहा नावाजलेल्या सोलोइस्टना (एकल वादकांना) बारा व्हायोलिन दिली, सहा जुनी, सहा नवी. दोन्ही वेळा वादकांना जुनं-नवं खात्रीने ओळखता आलं नाही आणि सगळ्यात जास्त पसंती मिळाली ती नव्या वाद्याला. त्यामुळे भाजलेलं लाकूड 'जुन्यासारखं' आहे का या वादात मला फार रस वाटत नाही. ते लाकूड म्हणून कसं वागतं हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

आणि वागण्यात त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे जागेवर राहणं. गिटारचा टॉप खालच्या भागात ४०० मिमी रुंद धरू. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांवरून ३० वर आली तर साध्या स्प्रूसमधला ओलावा साधारण ११ टक्क्यांवरून ६ वर येतो, आणि दर टक्क्याला रुंदी अंदाजे ०.१४ टक्क्याने घटते, म्हणजे पूर्ण टॉप मोकळा असता तर जवळपास ३ मिमी आकसला असता. पण तो मोकळा नसतो! खालून त्याला ब्रेसिंगच्या पट्ट्या आडव्या-तिरक्या चिकटवलेल्या असतात, आणि लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाही. टॉपला आत यायचंय, ब्रेस येऊ देत नाही, मग शेवटी टॉप रेषेवर चिरतो. भाजलेल्या टॉपचं आकसणं निम्म्यावर येतं, दीड मिमी धरा, त्यामुळे ही ओढाताणही तेवढी कमी होते. चिरणार नाही असं नाही, पण वेळ पुढे ढकलली जाते. म्हणूनच भाजलेल्या टॉपची गिटार आहे म्हणून केसमधलं ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं साधन) काढून टाकू नका, ४५ ते ५५ टक्के आर्द्रता तिलाही लागतेच, कारण तिच्या बाजू, पाठ, ब्रेस बहुतेक वेळा साध्याच लाकडाचे असतात.

माझ्या मते भाजण्याचा सगळ्यात स्वच्छ फायदा दिसतो तो नेकमध्ये, म्हणजे गिटारच्या मानेत. नेक लांब, सडपातळ, एका बाजूने तारांचा सतत ताण, आणि त्याला अर्धा मिलिमीटर जरी बाक आला तरी बोटांना लगेच कळतं, तार घासायला लागते. मेपल हवामानाबरोबर बऱ्यापैकी हलतं. भाजलेल्या मेपलचा नेक ऋतू बदलला तरी कमी हलतो, ट्रस रॉडला (नेकचा बाक सरळ करायची आतली सळई) कमी वेळा हात लावावा लागतो. इथे आवाज चांगला की वाईट असा वादाचा मुद्दाच नाही, सरळपट्टी ठेवली की दिसतं.

आता याची किंमत काय मोजावी लागते ते बघू, आणि ती लहान नाही. लाकडातली ही तार जाळून टाकली की सळया आणि काँक्रीट दोन्ही शाबूत असले तरी ते तडे लवकर धरतं. ताठपणा टिकतो, पण चिवटपणा जातो. साध्या स्प्रूसवर धारदार रंधा चालवला की लांबच लांब, रेशमी फितीसारखी साल निघते, गोल गुंडाळत वर येते. भाजलेल्या स्प्रूसवर तोच रंधा, तीच धार, पण साल थोडी वर येते आणि मोडते, हातात येतात ते आखूड तुकडे, चुरगळले की कुरकुरीत. पॉलिश पेपर मारला तर भुसा इतका बारीक, तपकिरी पिठासारखा, की मास्कशिवाय हे काम करूच नये. अशा लाकडाची पट्टी वाकवायची म्हटली तर ती पाणीच नीट पीत नाही, मऊ पडत नाही आणि पाइपवर तटकन मोडते, म्हणून बाजूंसाठी भाजलेलं लाकूड फार कमी जण वापरतात. स्क्रूचंही तेच. एका भाजलेल्या मेपलच्या हेडवर, म्हणजे नेकच्या टोकाला, मी ट्यूनरचा (तार पिळायच्या खुंटीचा) स्क्रू थोड्या बारीक भोकात पिळला, साध्या मेपलने ते निमूट सोसलं असतं, पण इथे शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात एक बारीक 'चट' ऐकू आलं आणि भोकापासून कडेपर्यंत केसासारखी चीर गेली. तेव्हापासून भोक स्क्रूच्या आतल्या जाडीएवढं पूर्ण पाडायचं, स्क्रूला मेण लावायचं आणि हाताने हळू फिरवायचं, यात मी कधी शॉर्टकट घेत नाही.

गोंदाचा प्रश्न म्हणजे पुन्हा तो पाण्याचा थेंबच. पांढरा लाकडी ग्लू असो की सरस, दोन्ही पाण्यातले, लाकडाने पाणी शोषून घेतलं तरच ते घट्ट बसतात. भाजलेलं लाकूड पाणी हळू घेतं, त्यात आम्ल उरल्यामुळे पृष्ठभाग थोडा आम्लधर्मीही असतो, त्यामुळे ग्लू सेट व्हायला उशीर लागतो आणि जोड कच्चा राहू शकतो. उपाय तसा साधा आहे. जोडायच्या आधी लगेच, त्याच दिवशी, रंधा किंवा स्क्रेपर मारून ताजा पृष्ठभाग काढायचा, क्लॅम्प नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवायचा, आणि आधी त्याच लाकडाच्या दोन तुकड्यांवर जोड करून तो मोडून बघायचा. मोडताना लाकूड तुटलं तर जोड पास, गोंदाची रेघ स्वच्छ सुटली तर नापास.

आता ओव्हनचं. 'मग मी घरच्या ओव्हनमध्ये करू का?' हे हमखास विचारलं जातं. माझं उत्तर सरळ नाही असं आहे. घरच्या ओव्हनमध्ये हवा असते, म्हणजे ऑक्सिजन असतो, तापमान एका कोपऱ्यात वेगळं आणि दुसऱ्यात वेगळं, थर्मोस्टॅट वर-खाली झुलतो, आणि लाकडातून निघणारी राळेची वाफ पेटू शकते. वर भाजण्याची प्रक्रिया स्वतःही थोडी उष्णता सोडते, त्यामुळे जाड तुकड्याचं आतलं तापमान बाहेरच्या आकड्याच्या पुढे निघून जाऊ शकतं, आणि तुम्हाला बाहेरून कळतही नाही. निघणारा धूर डोळ्यांना आणि छातीला त्रास देणारा, आणि तेही जिथे रोजचं अन्न शिजतं तिथे. भाजलेलं लाकूड तयार मिळतं, ते घ्यावं, आणि घेताना लाकडाच्या प्रकारानुसार कमाल तापमान किती ठेवलं होतं आणि वस्तुमान किती टक्के घटलं हे दोन प्रश्न विचारावेत. रंगावरून भुलू नये, गडद म्हणजे जास्त चांगलं असं अजिबात नाही. अति भाजलेल्या लाकडात सेल्युलोजलाही धक्का बसायला लागतो, ताठपणा घसरतो आणि मिळवलेला सगळा फायदा हातचा जातो. अति तिथे माती, ते इथे शब्दशः खरं आहे.

एक बारीकशी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. कोरड्या उष्णतेने आलेला सगळाच बदल कायमचा नसतो. हेमीसेल्युलोज तुटलं ते तुटलं, ते परत जुळत नाही, पण भट्टीत कोरडं पडताना आतल्या साखळ्या एकमेकींना जवळ बिलगून बसतात आणि त्यामुळेही काही खुंट्या लपतात. असं लाकूड पुढे बराच काळ खूप दमट हवेत राहिलं की तेवढा भाग सैल होतो आणि लाकूड पुन्हा थोडं जास्त पाणी धरायला लागतं. म्हणून लाकूड भट्टीतून काढल्या काढल्या त्याची मोजमापं घेऊन टॉप बनवण्यापेक्षा ते काही आठवडे मोकळ्या हवेत स्थिरावू द्यावं आणि मग जाडी ठरवावी.

आणि ज्यांच्याकडे भाजलेल्या टॉपची गिटार आधीच आहे त्यांनी एक करावं. स्टीलच्या तारांचा एकूण ताण ७५ किलोच्या आसपास असतो आणि तो सगळा ब्रिजला, म्हणजे टॉपवर चिकटवलेल्या तारा धरणाऱ्या पट्टीला, ओढत असतो, कधी ना कधी ब्रिजची मागची कड उचलली जाऊ शकते. कडेखाली पातळ कागद सरकतोय का ते तारा बदलताना प्रत्येक वेळी बघायचं, सरकला तर तारा लगेच सैल करायच्या. आणि दुरुस्तीला देताना टॉप भाजलेला आहे हे कारागिराला आधी सांगायचं, कारण ब्रिज काढताना साध्या स्प्रूसचे धागे जिथे थोडे ताणून सुटतात तिथे भाजलेल्या स्प्रूसच्या चपट्या ढलप्या ब्रिजबरोबर उखडून येतात, त्यामुळे त्याला गरम सुरी जास्त हळू, रेषेच्या दिशेने, एकेक मिलिमीटर सरकवावी लागते.